व्यवहार-विवेक : टाकी भरून वाहते तेव्हा

चातुर्मासातील एक सकाळ आणि खारेपाटणच्या पेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली रस्त्याच्या अंगाला कापडाचे दुकान, त्यामागे मालाची कोठी, वर कुटुंबाचे राहणे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर कौलारू; मागील भागावर मात्र अलीकडच्या पिढीने स्लॅब घातलेला आणि त्यावर हजार लिटरची काळी टाकी बसविलेली. विहिरीवरचा पंप सुरू करून घरातील मंडळी मंदिरात गेली. सासऱ्यांना वाटले, पंप सुनबाईंनी बंद केला. सुनबाईंना वाटले, मामंजींनी केला. पूजा झाली, ओळखीच्यांशी दोन शब्द झाले आणि तासा-सव्वातासाने मंडळी घरी परतली, तेव्हा जिन्यावरून पाण्याची धार वाहत होती.

टाकीची वाहती नळी पालापाचोळ्याने तुंबलेली. पाणी स्लॅबवर साचले आणि वाट मिळाली तिकडून आत उतरले. निजण्याच्या खोलीतील कपाटाचे प्लायवुड फुगले, गाद्या भिजल्या, भिंतीतील विजेची जोडणी बंद पडली, गिलावा पोपडे धरू लागला. सर्वांत वाईट गोष्ट दुपारी लक्षात आली. जुन्या तक्तपोशीच्या फटींतून पाणी खालच्या कोठीत, थेट कापडाच्या ताग्यांवर ठिबकत राहिले होते. घरातील आजींना मात्र कपाटाची वा ताग्यांची चिंता नव्हती. इतके पाणी, तेही चातुर्मासात, अशा रीतीने वाया गेले आणि त्यासोबत किती जीव गेले, याचेच त्यांना दुःख. तो भाग त्यांच्या प्रायश्चित्ताचा. संध्याकाळी दुकान वाढविल्यावर घरात जी चर्चा सुरू झाली ती वेगळी होती : घराचा विमा आहे, तो मागावा की मागू नये?

असे घर पेठेत एखादेच नाही. नळ तुटणे, टाकी भरून वाहणे, शेजारचे माडाचे झाड कौलांवर पडणे, मुलाच्या हातून दूरचित्रवाणी संच खाली येणे, हे कोणत्याही घरी घडते. आणि बहुतेक घरी तेव्हाच लक्षात येते की विम्याचा कागद आहे खरा, पण तो कोणी वाचलेला नाही. घरदुरुस्तीच्या कर्जाच्या वेळी बँकेने पॉलिसी करवून घेतलेली असते, हप्ता खात्यातून वळता होत असतो आणि कागद कपाटात पडून असतो. या घरात तर तो त्याच फुगलेल्या कपाटात होता.

व्यापारी कुटुंबांना विमा ही कल्पना परकी असण्याचे कारण नाही. खारेपाटण हे शिलाहारांच्या काळापासूनचे गाव, रट्टराजाचा इ. स. 1008 चा ताम्रपट येथेच मिळाला. विजयदुर्गच्या खाडीतून आत येणारी गलबते येथवर माल आणीत आणि येथून तो घाटावर चढत असे. त्या काळच्या व्यापाऱ्यांजवळ आजच्या अर्थाने विमा कंपनी नव्हती, पण जोखमी हुंडी होती. माल पाठविणारा माल घेणाऱ्यावर हुंडी लिहून ती सावकाराला विकत असे. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे मिळत. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली आणि तोटा हुंडी घेणाऱ्याचा. ही जोखीम घेण्याबद्दल तो आपली कसर आधीच कापून घेई. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदावर. त्या व्यवहाराचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता : माल काय, किती आणि त्याचे काय झाले हे दोन्ही बाजूंनी खरे सांगितले पाहिजे. किनाऱ्यावर बसलेला सावकार समुद्रात जाऊन पाहू शकत नसे.

आज पाहण्यासाठी सर्वेक्षक येतो, एवढाच फरक.

आता कागदाकडे वळावे. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले. तिचे नाव भारत गृह रक्षा. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, बाहेरील वस्तूची धडक आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा भरून वाहणे, या घटना तिच्यात नावानिशी लिहिलेल्या आहेत. तेव्हा या कुटुंबाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या शेवटच्या कलमातच आहे. टाकी भरून वाहिली. ती घटना पॉलिसीत बसते.

घरातील थोरल्यांना येथे एक शंका आली आणि ती योग्यच होती. पंप आपणच बंद केला नाही, चूक आपली, मग दुसऱ्याकडे पैसे मागणे हे कितपत रास्त? या शंकेचा उगम सद्बुद्धीत आहे, परंतु तिच्यात दोन गोष्टींची गल्लत होते. पॉलिसीने वगळले आहे ते जाणूनबुजून केलेले वा करविलेले नुकसान. विसर हा जाणूनबुजून केलेला अपराध नव्हे. माणसे कधीच विसरली नसती, चुकली नसती, तर निम्म्या आगी लागल्याच नसत्या आणि विम्याची गरजही निम्मी झाली असती. अर्थात, नळी तुंबलेली आहे हे महिनोन्महिने दिसत असून कोणी साफ केली नाही, असे असेल तर गोष्ट निराळी होऊ लागते. घराची वाजवी काळजी घेणे ही विमेदाराची जबाबदारी आहेच. पण चूक झाली तर ती जशीच्या तशी सांगावी. ‘पंप सुरू राहिला, आम्ही मंदिरात होतो’ हे वाक्य अर्जात लिहिण्यात कमीपणा नाही. ते झाकण्यासाठी ‘पंपाचा स्वयंचलित खटका बिघडला’ अशी कथा रचली, तर मात्र जो दावा खरा होता तोच खोटा होऊन बसतो.

कोठीतल्या ताग्यांचे काय? व्यापारी कुटुंबांनी विशेष ध्यान द्यावे असे काही असेल तर ते येथे. गृह रक्षा पॉलिसी राहत्या घरासाठी आणि घरगुती वस्तूंसाठी आहे. दुकानातील माल तिच्यात येत नाही, मग ते दुकान त्याच चिऱ्याच्या भिंतींत का असेना. खाली दुकान आणि वर घर ही रचना कोकणातील पेठांत इतकी सरसकट आहे की दोन्हींची विभागणी कोणाच्या मनातच येत नाही. एकाच जिन्याने वर-खाली होते, एकाच मीटरवर कधी दोन्ही चालतात. विम्याच्या लेखी मात्र ती दोन ठिकाणे आहेत. दुकान, कोठी आणि माल यांच्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची वेगळी प्रमाणित पॉलिसी त्याच दिवसापासून अस्तित्वात आहे. एका जागेवरील एकूण मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी ती आहे. या कुटुंबाने ती घेतलेली नसेल, तर वरच्या टाकीच्या पाण्याने खाली भिजलेल्या कापडाचा एक रुपयाही घराच्या पॉलिसीतून मागता येणार नाही. येथे मोह असा होतो की चार तागे वर नेऊन ठेवावेत आणि ‘घरातील कापड’ म्हणून दाखवावेत.

दोन्ही पॉलिसींत आणखी एक फरक आहे. घराच्या पॉलिसीत विमा रकमेची तूट पूर्णपणे माफ आहे. इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्राला बांधकाम खर्चाच्या दराने गुणून ठरते. जमिनीची किंमत त्यात नसते. ती रक्कम अंदाजापेक्षा कमी निघाली म्हणून घराच्या दाव्याला त्या प्रमाणात कात्री लागत नाही. दुकानाचे तसे नाही. कोठीत 20 लाखांचा माल असताना हप्ता वाचविण्यासाठी 10 लाखांचाच दाखविला आणि 2 लाखांचे नुकसान झाले, तर हाती 1 लाखाच्या आसपासच येते. उणीव 15 टक्क्यांपर्यंत असली तर ती माफ होते, त्यापुढे होत नाही. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत कोठी भरलेली असते. विम्याची रक्कम मात्र आषाढातल्या रिकाम्या कोठीकडे पाहून लिहिली जाते. ही चूक वहीखाते चोख ठेवणारी घरेही करतात.

घरातील वस्तूंपुरते बोलायचे तर, इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के इतके संरक्षण सर्वसाधारण गृहवस्तूंना आपोआप मिळते; कमाल मर्यादा 10 लाख रुपये. त्यासाठी प्रत्येक भांड्याची यादी आधी द्यावी लागत नाही. दागिने आणि मौल्यवान वस्तू यात नाहीत. त्यांचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. रोख रक्कमही नाही. कपाट, गाद्या, विजेची जोडणी, गिलावा ही मंडळी मात्र सुखाने आत बसतात. भिंतीला दरसाल पावसाळ्यात येणारी ओल आणि शेवाळ हे निराळे. ते काळाने आणि हवेने होणारे नुकसान, आणि ते कोणत्याही विम्यात नसते. याच खोलीची उत्तरेकडील भिंत दहा वर्षांपासून ओली असेल, तर तिच्या गिलाव्याचा खर्च कालच्या पाण्याच्या माथी मारता येणार नाही.

आणि दूरचित्रवाणी संच? तो या घरात महिन्यापूर्वी नातवाच्या चेंडूने फुटला होता आणि भिंतीशी टेकवून ठेवलेला होता. परवाच्या पाण्यात तोही भिजला. घरातील तरुण मुलाचे म्हणणे असे की यादीत तो घातला तर बिघडले कुठे. भिजला हे तर खरेच आहे. वस्तुतः हातातून निसटून वा घरातल्या घरात आदळून फुटणे ही घटना मूळ गृह रक्षा पॉलिसीत नाही. अशा किरकोळ अपघाती मोडतोडीसाठी काही कंपन्या वेगळे जादा संरक्षण देतात. ते घेतले असेल तरच तो दावा, आणि तो त्याच वेळी करायचा. शीतकपाटात शॉर्टसर्किट होऊन ते स्वतःच जळाले तर तेही नाही. त्याची आग पडद्याला आणि छपराला लागली तर पडदा आणि छप्पर मिळते, शीतकपाट नव्हे. हे नियम चमत्कारिक वाटतात, पण त्यांच्यामागे तर्क आहे : यंत्र आपल्याच दोषाने मोडले तर तो यंत्राचा प्रश्न, आपत्ती नव्हे.

‘भिजला हे तर खरेच आहे’ हे वाक्य पुन्हा पाहावे. ते खरे आहे आणि तरीही ते असत्य सांगते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार मोजले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे. अस्तेयाच्या अतिचारांत मापात कमी-अधिक करणे आहे आणि एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दुसरी खपविणेही आहे. बाजारात काटा मारणाऱ्याला जी पेठ क्षमा करीत नाही, तीच पेठ दुरुस्तीचे वाढीव बिल लिहून देणाऱ्या सुताराला ‘समजूतदार’ म्हणते. कंपनी मोठी आहे, तिला काय कमी, हा युक्तिवादही ऐकू येतो. पण दाव्याचे पैसे कंपनी तिजोरी फोडून देत नाही. ते इतर हजारो घरांनी भरलेल्या हप्त्यांतून येतात. ज्या समाजात पांजरपोळाच्या निधीतील चार आण्यांचाही हिशेब मागितला जातो, तेथे हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. आणि धर्म क्षणभर बाजूला ठेवला तरी कायदा तेच सांगतो. विम्याचा करार परम सद्भावनेचा करार मानला जातो. दाव्यातील एक भाग जाणूनबुजून खोटा ठरला तर खऱ्या भागाचेही पैसे जाऊ शकतात. फुटका संच वाचविण्यासाठी कपाट, गाद्या आणि गिलावा पणाला लावणे हा व्यापार तरी कसला?

संच वगळून, तागे वगळून, जुनी ओल वगळून काय उरले? सुताराने कपाटाचे 16,000 सांगितले असे धरू, वायरमनने 9,000, गाद्यांचे 6,000, गिलावा आणि रंग 11,000. एकूण 42,000 रुपये. हा दावा करावा का?

येथे बहुतेकांच्या मनात मोटारीचा हिशेब असतो. गाडीच्या विम्यात दावा न केल्यास पुढील वर्षी 20 टक्के आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. लहानसा दावा केला की ती शिडी खाली येते. म्हणून गाडीला आलेला पोचा लोक खिशातून भरतात, आणि ते शहाणपणाचेही असते. तोच हिशेब न तपासता घराला लावला जातो. घराच्या विम्यात अशी सर्वत्र ठरलेली शिडी नाही. आपल्या कंपनीने नूतनीकरणाला काही सवलत लिहून दिली असेल तर ती पाहावी, तिची रुपयांतील किंमत काढावी आणि मग तुलना करावी. पाहण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक दाव्यातून विमेदाराने स्वतः सोसावयाची रक्कम पॉलिसीच्या तपशीलपत्रात लिहिली आहे का, आणि असल्यास किती. तिसरी गोष्ट कागदावर नसते : सर्वेक्षक कणकवलीहून वा रत्नागिरीहून येईपर्यंतचे दिवस, पाठपुरावा, दुकान सोडून मारलेल्या फेऱ्या.

या सर्वांची वजाबाकी करून नुकसान दोन-तीन हजारांचे उरत असेल, तर दावा न करणेच बरे. ते घरखर्चाचे पैसे आहेत, आपत्तीचे नव्हेत. 42,000 ची गोष्ट तशी नाही. पेठेतील मध्यम घराला ती रक्कम जाणवते. ती न मागण्याला कोणी त्याग म्हणत असेल तर त्यात थोडा अहंकारही मिसळलेला असतो. हप्ता भरला आहे, घटना पॉलिसीतली आहे, नुकसान खरे आहे. मग मागण्यात संकोच कसला? याचना नव्हे ती. जोखमी हुंडी घेणारा सावकार गलबत बुडाल्यावर ‘मी नाही सोसत’ म्हणू शकत नसे, आणि माल पाठविणाराही ‘राहू द्या’ म्हणत नसे.

शुक नदीकाठच्या या गावात विम्याचा विचार एका टाकीपुरता करून भागतही नाही. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की नदीचे पाणी बाजारपेठेत शिरते, हे येथल्या मुलांनाही ठाऊक आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील घरांची कौले उडविली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 22 जुलैला, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्या दिवशी ज्यांच्या दुकानांचा विमा नव्हता त्यांनी वर्षानुवर्षांची कमाई चिखलात पाहिली; ज्यांचा होता त्यांतील कित्येकांना मालाच्या पावत्याच पाण्यात गेल्यामुळे मालाची किंमत सिद्ध करताना नाकी नऊ आले. 42,000 चा खरा, नीट मांडलेला दावा हा अशा मोठ्या प्रसंगाची तालीमही असतो. कोणता कागद कुठे आहे, कंपनीला कळवायचे कसे, सर्वेक्षक काय विचारतो, हे घराला एकदा कळते.

तालमीचा क्रम साधा आहे. प्रथम पंप आणि वीज बंद. नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे. मग पुसापुशी करण्यापूर्वी छायाचित्रे, सगळ्या बाजूंनी, आणि त्यांत तुंबलेली नळीसुद्धा. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक मागून घ्यावा. भिजलेल्या गाद्या भंगारवाल्याला लगेच देऊ नयेत. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी वस्तू नाहीशी झाली तर ती होती हेच सिद्ध करावे लागते. कपाटाचे जुने बिल नसेल तर नाही म्हणून सांगावे. घरातील एखाद्या समारंभाच्या छायाचित्रात ते कपाट मागे उभे असते, तेही पुरावा म्हणून दाखविता येते. सुताराकडून अंदाजपत्रक घ्यावे, आणि ते घेताना त्याला विम्याचे आहे असे सांगू नये. सांगितले की आकडा आपोआप फुगतो.

कंपनीने देऊ केलेली रक्कम कमी वाटली, तर ‘पूर्ण समाधान’ लिहिलेल्या पावतीवर घाईने सही करू नये. कारणे लेखी मागावीत. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही वा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, 50 लाख रुपयांपर्यंतचे वाद तेथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची आहे.

त्या घराने शेवटी काय करावे? अर्जात चार बाबी लिहाव्यात : कपाट, गाद्या, विजेची जोडणी, गिलावा. उत्तरेची भिंत वगळावी. सर्वेक्षकाने भिंतीशी टेकवलेल्या फुटक्या संचाकडे बोट दाखविलेच, तर तो आधीच फुटलेला होता असे नातवासमोरच सांगावे. कोठीतील तागे उन्हात वाळवून, डाग पडले ते डाग पडले असे सांगून कमी भावात विकावेत आणि तोटा वहीत तोटा म्हणूनच लिहावा. दुकानाच्या पॉलिसीची चौकशी त्याच आठवड्यात करावी. आणि पंपाला पाणी भरताच बंद होणारा खटका बसवून घ्यावा, जो दोनअडीच हजारांत बसतो आणि ज्यासाठी आजी गेली तीन वर्षे सांगत होत्या.